वेलांटी सुटते, अक्षरं पुसटतात

प्रश्न: खेळातल्या पात्रांना आपोआप नावं देणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलाय. पण नावांत वेलांटी सुटी पडते. शिवाय विंडोजवर १५० टक्के स्केलिंगला (पडद्यावरचं सगळं दीडपट मोठं दाखवताना) अक्षरं पुसट दिसतात.

उत्तर: माझ्या पहिल्या प्रयत्नात नावाची सुरुवातच वेलांटीने झाली होती! ‘स्मिता’ आपल्याला दोन अक्षरी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, तिचे सहा तुकडे: स, हलन्त, म, वेलांटी, त, काना. प्रोग्राम हेच तुकडे उचलतो. म्हणून प्रोग्राम ज्यातून नावं जुळवतो त्या यादीत ‘स्मि’, ‘ता’ अशी अख्खी अक्षरं घाला. सुरुवातीची आणि शेवटची वेगळी ठेवलीत, तर नावं छान तोंडात बसतात.

पुसटपणा विंडोजच्या ताणण्यामुळे. ९६ डीपीआयचं (दर इंचातले ठिपके) चित्र ते १४४ला फुगवतं. खिडकी उघडण्याआधीच प्रोग्राम ‘डीपीआय अवेअर’ असल्याचं, म्हणजे आकार तो स्वतःच सांभाळेल असं, विंडोजला कळवा. मग पिक्सेलमधली मापं मात्र स्वतः दीडपट करा.