गोड पांढऱ्या वाइनमध्ये वरून साखर घालतात का? तिचे प्रकार कोणते?

चांगल्या वाइनमध्ये नाही, गोडी द्राक्षाचीच. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. सगळी साखर संपायच्या आत ते थांबलं की उरलेली साखर म्हणजे ही गोडी.

सांगलीकराला पटकन कळेल तो सुकवलेल्या द्राक्षांचा प्रकार. तासगावकडे डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले थॉमसनचे घड शेडमधल्या जाळीवर वाळवून बेदाणा करतात ना? इटलीत टस्कनीमध्ये 'विन सांतो'साठी घड टांगून किंवा चटईवर पसरून काही महिने सुकवतात, मग पिळतात. रस थोडाच निघतो, पण काकवीसारखा दाट.

फ्रान्सच्या सोतर्नमध्ये तर घडांवर बोट्रायटिस बुरशी मुद्दाम येऊ देतात; तिच्यामुळे दाण्यातलं पाणी उडतं आणि साखर दाट होते. (आपला बागायतदार बुरशी दिसली की पंप काढतो!) हंगेरीची तोकाय आसू त्याच घराण्यातली. आइस वाइनसाठी जर्मनी-कॅनडात उणे 7-8 अंशांत वेलीवरच गोठलेली द्राक्षं पिळतात. बर्फ मागे राहतो, पाक बाहेर येतो. नाशिकची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ (ही द्राक्षाची जात) उशिरा तोडणीची.

पहिल्यांदाच घेत असाल तर इटलीची मोस्कातो द'आस्ती बघा. हलकी, फसफसती, अल्कोहोल जेमतेम 5 टक्के. गार करून घ्या, सोबत खारे काजू. श्रीखंडाबरोबर नको, वाइन आंबट लागेल.