चाकरमानी सून

‘मावशी, मी 37 वर्षांची. सासर चिपळूण तालुक्यात. नवरा हायस्कूलला शिक्षक, मुलगी चौथीत, सासूबाई 72 वर्षांच्या. सासरे मुंबईला गोदीत होते. निवृत्त होऊन गावी आले आणि तीन वर्षांपूर्वी वारले. मी साडेचार वर्षं ठाण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरूनच करते. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेल आली, 1 नोव्हेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं. नवरा म्हणतो, सोड नोकरी. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “नवं बांधून झालं की जा. दिवाळीला ये पाहुणीसारखी.” नवं म्हणजे आश्विन पौर्णिमेला आम्ही दाराला बांधतो त्या नव्या भाताच्या लोंब्यांच्या जुड्या. तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. भात कापणीला आलंय, सणामागून सण आहेत. मी हे घर मोडून चालले आहे का?’

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘पाहुणी’ या शब्दापाशी अडले. तुला तो टोमणा वाटला. मला त्यात दुसरंच ऐकू आलं.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, बाकी वर्षभर मनीऑर्डर. कापणी, झोडणी, परतीच्या पावसात भिजलेले भारे उलटेपालटे करून वाळवणं, सगळं आईच्या अंगावर. 1982 च्या संपानंतर ते कायमचे गावी आले, तेव्हा स्वतःच्या घरात विळा कुठे अडकवतात हे त्यांना आईला विचारावं लागलं. ते विचारताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी अजून विसरलेले नाही. घरचा माणूस पाहुणा होतो म्हणजे काय, हे तुझ्या सासूबाईंनी गोदीतल्या नवऱ्यापायी वर्षानुवर्षं पाहिलंय. तो शब्द त्यांच्या तोंडी तिथून आला असावा. त्या तुझ्यावर रागावल्यात असं मला वाटत नाही, त्या धास्तावल्यात. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचार, मामंजी मुंबईला असताना तुम्ही दिवाळी कशी करायचात? तुझी बाजू मांडायला जाऊ नकोस, नुसतं ऐक.

आपल्या कोकणातल्या घरांना जाणाऱ्या माणसाची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. पुरुष चाकरीला गेला म्हणून घर मोडलं, असं कधी कुणी म्हटलं नाही. उलट त्याच्या पैशावर कौलं शाकारली गेली, पोरं शिकली. आता सून चाकरमानी होते आहे, एवढाच काय तो फरक. तो लहान नाही, हे मला कळतं. बाई गेली की दिवा, चूल, म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या आणि पोरीची वेणी यांचं काय, असा प्रश्न उभा राहतो. पण हा प्रश्न तुझ्या एकटीचा कसा? घरात हातपाय धड असलेला, गावातच नोकरी करणारा माणूस आहे की.

म्हणून यंदाच्या पौर्णिमेबद्दल मी सांगते ते कर. सासरे गेल्यापासून शेतात जाऊन लोंब्या तूच आणत असशील. यंदा नवऱ्याला पाठव. ते त्याच्या वडिलांचं काम होतं. तो लोंब्या घेऊन दारात आला की तू त्याच्या पायावर पाणी घाल, ओवाळ आणि बाजूला हो. आंब्याची पानं, कुरडूची फुलं, नाचणीचं कणीस घालून जुड्या बांधायला मुलीला आजीजवळ बसव. चौथीतल्या पोरीला ते छान जमतं. दाराला, विहिरीला, गाडीला कुठे कुठे बांधायचं ते आजी सांगेल. तू घरात असतानाच हे तुझ्याविना होताना सासूबाईंना दिसू दे. तुलाही दिसू दे, कारण मला वाटतं, तुलाही मनातून वाटतंय की आपण हललो की सगळं थांबेल.

आता नोकरीचं. ती सोडू नकोस, निदान या सणांच्या गडबडीत तर नकोच. पाच वर्षं सलग भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो आणि तुझे सहाच महिने उरलेत. साहेबांकडून दोन गोष्टी लेखी मागून घे. तीन दिवस लागोपाठचे, मंगळवार ते गुरुवार, कायमचे ठरवून द्यावेत. आणि उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताची कापणी उरकेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरभर, आठवड्याला दोनच दिवस यायची मुभा द्यावी. दुसरी मागणी कदाचित नाकारतील, तरी विचार. पहिली मिळाली तर सोमवारी काम संपवून रात्रीची गाडी, गुरुवारी रात्री परत. शुक्रवारी सकाळी तू तुझ्या ओटीवर. दमणूक होईल, हे खोटं कशाला सांगू? सहा महिने करून बघ. अंगाला झेपत नाही असं वाटलं तर तेव्हा सोड, पण तो निर्णय तुझा असू दे. ‘सोड नोकरी’ म्हणणाऱ्या नवऱ्याला शांतपणे विचार, ‘तुमची बदली झाली असती तर तुम्ही सोडली असती का?’ उत्तराची घाई करू नकोस. त्याला विचार करायला वेळ लागेल.

दिवाळीला तू पाहुणी होऊ नयेस म्हणून एक सांगते. पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री घरी पोच. पहाटे तुळशीपुढे कारीट फोडायला आणि नव्या तांदळाचे पोहे कालवायला तूच हवीस. गोडाचे, तिखटाचे, दुधातले, सासूबाई करतात तितके सगळे. फराळातल्या चकल्या नाही झाल्या तर राहू देत. दिवाळीच्या गाड्या आता भरल्या असतील, तेव्हा एसटीचं बघ. शिमग्याचं मात्र चुकवू नकोस. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या पाहता पाहता भरतात.

आणखी एक. आई दरवर्षी नव्याची एक जुडी वेगळी काढून ठेवायची. शिमग्याला वडील परत निघाले की ती त्यांच्या पिशवीत घालायची आणि लालबागच्या खोलीत ती दाराला वर्षभर लटकलेली असायची. सासूबाईंना म्हण, मलाही ठाण्याला न्यायला एक जुडी तुमच्या हातानं बांधून द्या.

– मावशी