शाळेतल्या मुलांना लोकशाहीतला नागरिकांचा सहभाग कसा शिकवावा? अभिरूप संसद घ्यावी का? गुण कसे द्यावेत?

अभिरूप संसद मुळीच नको. अध्यक्षांच्या खुर्चीत मास्तरांचा मुलगा, बाकीच्यांनी पाठ केलेलं "अध्यक्ष महोदय", आणि स्नेहसंमेलनात टाळ्या. मुलांना ग्रामसभेला न्या.

मी राजापूर तालुक्यात हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवायचो. वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान लाकडी पूल, कुजलेला. पाऊस लागला की पलीकडच्या वाडीतली पोरं घरी. मी मात्र फळ्यावर पंचायतराजची ७३वी घटनादुरुस्ती लिहीत होतो! शेवटी वर्गाकडून अर्ज लिहून घेतला. सह्या पालकांच्या, कारण मतदार ते. सभेची सूचना निघायच्या आत अर्ज ग्रामपंचायतीत दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायला शिकवलंत तरी अर्धं नागरिकशास्त्र झालं.

१५ ऑगस्टला झेंडावंदन करून पोरांसह सभेत जाऊन बसलो. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नाही. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा लागतो, तोही जमेना. अर्धा गाव मुंबईत, उरलेला "आपण जाऊन काय होणार" म्हणत ओटीवर. सभा तहकूब. तहकूब सभेला पुन्हा कोरम लागत नाही, म्हणजे पाच-सात डोकी गावाचं ठरवू शकतात, हे ऐकून पोरं घरी गेली ती आया-आज्यांच्या मागेच लागली. पुढच्या वेळी बायका आल्या. एक आजी उभी राहिली, "अर्जाचा काय झाला ता सांगा." ठराव इतिवृत्तात चढला. निधीचं रडगाणं पुढे बरंच चाललं, ते सोडा.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून "शाळेत राजकारण नको" ऐकवलं. अजून लग्नाकार्यात भेटले की तेच. अहो, साकव मागणं हे राजकारण असेल तर पुस्तकात ग्रामसभा छापतात कशाला? पोरं तर मागे बसून वहीत टिपत होती. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी वाडीच्या बैठकीत रस्त्यापाण्याचं ठरवून परत जातात ते चालतं, पोरांची वही तेवढी खुपते.

हां, पालकांची लेखी संमती घ्या. आणि पंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर जाऊच नका, तुमच्या अर्जाला कुठल्या गटाचा रंग लागेल सांगता येत नाही. नगरपालिका हद्दीतली शाळा असेल तर ग्रामसभा नसते, तिथलं तिथल्या कुणी सांगावं.

गुण मी टिपणवहीला द्यायचो. मुख्याध्यापकांनी तेही कापले.