प्रायोजकाचं नाव झाकून बघ

सस्नेह आशीर्वाद.

कबड्डी स्पर्धेच्या लोगोचं तुझं कच्चं चित्र मिळालं. चढाईचा झोक सुरेख पकडलायस. पण प्रायोजकाचं नाव तू खेळाडूच्या पुढे टाकलेल्या पायातच गुंफलं आहेस. उद्या प्रायोजक बदलला तर खेळाडूचा पायच जाईल. म्हणून तुला अमेरिकेतल्या नॅसकारबद्दल, तिथल्या स्टॉक कार (रोजच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या मोटारी) शर्यतींच्या मुख्य मालिकेबद्दल सांगावंसं वाटलं.

आधी ती 'ग्रँड नॅशनल' होती. २ जानेवारी १९७१ पासून तिथे रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. पडून राहिलेला जाहिरातीचा पैसा घेऊन आर. जे. रेनॉल्ड्स ही तंबाखू कंपनी शर्यतीत उतरली आणि तिच्या विन्स्टन सिगारेटच्या नावाने मालिका 'विन्स्टन कप' झाली, ती ३३ हंगाम. सिगारेटच्या पाकिटाचा लाल-पांढरा रंग ट्रॅकच्या भिंतींवरही चढला. इतकी वर्षं एकच रंग डोळ्यांसमोर राहिला की तो कंपनीचा की खेळाचा, हे प्रेक्षकाला कळेनासं होतं. मला यातला खरा धोका हाच वाटतो.

२००४ मध्ये नेक्स्टेल ही मोबाइल कंपनी आली आणि लालाच्या जागी पिवळा-काळा आला. २००८ मध्ये नाव 'स्प्रिंट कप' झालं, पण तो बदल फारसा बोचला नाही. नेक्स्टेल आणि स्प्रिंट या दोन्ही कंपन्या २००५ मध्येच एक झाल्या होत्या, रंगही तोच राहिला. २०१७ ला मॉन्स्टर एनर्जी या पेयाचा हिरवा पंजा आला. २०२० पासून मात्र नुसतंच 'नॅसकार कप सिरीज'. तेव्हा मुख्य भागीदार चार होते, पण मालिकेच्या नावात कुणीच नाही.

हे जमलं कशामुळे? नॅसकारच्या स्वतःच्या तिरप्या रंगीत पट्ट्यांमुळे. १९७६ पासूनचं ते चिन्ह २०१७ मध्ये नव्याने रेखलं गेलं, तरी पट्टे राहिले. प्रायोजक त्यांच्या शेजारी येऊन बसले. आपल्या आयपीएलचंही तसंच बघ: डीएलएफ, पेप्सी, विवो, ड्रीम इलेव्हन, आता टाटा, लोगोतला फटका मारणारा फलंदाज मात्र जागचा हलला नाही.

नॅसकारच्या चालकांचा हिशेबही बघ. रिचर्ड पेटीची सात विजेतेपदं: दोन 'ग्रँड नॅशनल'ची, पाच 'विन्स्टन'ची. जिमी जॉन्सनचीही सातच: दोन 'नेक्स्टेल'ची, पाच 'स्प्रिंट'ची. दोघांची बरोबरी मोजताना वर कुणाचं नाव होतं, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा पाय खेळाडूला परत दे. नाव खाली वेगळ्या पट्टीत घे; पट्टीची उंची ठरवून टाक, म्हणजे छोटं-मोठं कुठलंही नाव त्यात बसेल. आणि रंग प्रायोजकाकडून घेऊ नकोस, मैदानाच्या तांबड्या मातीकडून घे. रविवारपर्यंत मला दोन प्रती पाठव, एक नावासकट आणि एक नाव झाकून. मी झाकलेली आधी बघणार आहे.