निरागस कुणाला म्हणायचं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही बातम्या वाचल्या. कोर्टाची बातमी नीट उभी राहिली आहे; इंट्रो लांबलाय, पण तो डेस्कवर कुणीही कापेल. मी अडलो ते मथळ्यापाशी. ‘चार वर्षांनी निरागस तरुणाची सुटका’. खाली मजकुरात तोच तरुण आधी निष्पाप, मग निर्दोष आणि शेवटच्या ओळीत निरपराध. एकच शब्द परत परत नको म्हणून बदलत गेले, असं तू कळवलं आहेस. निबंधात ते चालून जातं. इथे मात्र या चार शब्दांनी चार वेगवेगळी विधानं केली आहेत आणि त्यातलं एकच कोर्टाचं आहे.

निकालपत्र हातात असेल तर शेवटचं पान काढ. आदेशात ‘निर्दोष मुक्तता’ असेल, तर त्याचा अर्थ खटला पूर्ण चालला, साक्षीपुरावे झाले आणि सरकार पक्षाला आरोप सिद्ध करता आला नाही. ‘दोषमुक्त’ हे त्याच्या बरंच आधीचं: आरोपनिश्चितीइतकंही कागदावर काही सापडलं नाही, म्हणून माणूस खटला चालण्यापूर्वीच मोकळा. जामीन म्हणजे या दोन्हींपैकी काहीच नव्हे, तरी आपल्याकडे रोज कुणीतरी त्याला ‘सुटका’ म्हणून मोठ्या टायपात छापतं. न्यायाधीशांनी ‘संशयाचा फायदा’ दिला असेल तर तो शब्द गाळू नकोस. वाचकाला तो कळला पाहिजे. आणि पोलिसांच्या अहवालातली ‘क्लीन चिट’ ही पोलिसांची, कोर्टाची नव्हे. यात ‘निरागस’ कुठेच बसत नाही. कुठलाही न्यायाधीश कुणाला निरागस ठरवत नाही.

गंमत अशी की मुळात हा शब्द याच गल्लीतला. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध, आगळीक, पाप. ते ज्याच्याकडे नाही तो निरागस किंवा अनागस. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, चोविसाव्या सूक्तात, पाशात बांधलेला शुनःशेप वरुणाची विनवणी करतो: वरचा, मधला, खालचा असे तिन्ही पाश सैल कर, म्हणजे तुझ्या व्रतात राहून आम्ही ‘अनागसो अदितये स्याम’. अदिती म्हणजे बंधन नसणं. बांधलेला माणूस, सोडण्याचा अधिकार असलेला देव आणि अपराधातून मोकळं होण्याची मागणी, असा तो प्रसंग आहे. आपल्या ‘निर्दोष मुक्तते’पासून तो फार लांब नाही.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तर हा शब्द बाणाच्या टोकावरच येतो. दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतोय, धनुष्य ताणलेलं आहे, तेवढ्यात तपस्वी आडवे येतात. हा आश्रमातला मृग आहे, मारू नकोस, असं बजावून ते म्हणतात: ‘आर्तत्राणाय वः शस्त्रं न प्रहर्तुमनागसि’. तुमचं शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, ज्याने काही केलं नाही त्याच्यावर चालवायला नाही. हरणाच्या डोळ्यांवर आपल्या कवींनी काय कमी लिहिलंय? पण तपस्व्याला या क्षणी त्या डोळ्यांशी कर्तव्य नाही. हरणाने कुणाचं काही बिघडवलं नाही, एवढाच त्याचा मुद्दा, आणि तो राजाच्या तोंडावर मांडलेला.

पुढे मराठीत हा शब्द माणसाच्या करणीवरून घसरत चेहऱ्यावर आला. आता निरागस असतं ते हसू, बाळाचे डोळे, फार तर एखाद्या म्हाताऱ्या बाईचा प्रश्न. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाषा आपल्या वाटेने जाते. मात्र मथळ्यात तो वापरलास की वाचक निकाल बाजूला ठेवून त्या तरुणाचा फोटो पाहायला लागतो. ज्याचा चेहरा राकट आहे त्याने मग काय करायचं?

इंग्रजी ‘इनोसंट’चीही हीच गत. अजाण तो इनोसंट, असं पुष्कळांना वाटतं, पण त्या शब्दाचा जाणण्याशी संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘नोकेरे’ म्हणजे इजा करणं. जो इजा करत नाही तो इनोसंट. हा धातू आपल्या ‘नश्’चा नातलग, म्हणजे नाश त्याच घरातला. आणि लग्नाच्या डीजेला वैतागून आपण ‘काय न्यूसन्स आहे’ म्हणतो ना, तो न्यूसन्सही याच नोकेरेच्या पोटचा.

भोळेपणाचं खातं वेगळं ठेव. भोळा म्हणजे ज्याला सहज फसवता येतं तो. तो गुन्हेगारही असू शकतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून सह्या करणारे भोळे संचालक तू सहकारी पतसंस्थांच्या बातम्यांत पुढे पाहशीलच. सोंगांसाठी तर मराठीने हात आखडता घेतलेला नाही: साळसूद, वेड पांघरून पेडगावला जाणारा, ‘मी नाही त्यातली, कडी लाव आतली’. वकील कॅमेऱ्यासमोर आपला अशील धुतल्या तांदळासारखा स्वच्छ असल्याचं सांगेल. ते अवतरणात घे, त्याच्या नावावर. तुझ्या वाक्यात नको.

‘निष्पाप’वर मात्र माझा राग आहे. ‘अपघातात पाच निष्पाप जिवांचा बळी’. दारू पिऊन गाडी चालवणाराही त्यात गेला असेल, तर त्या पाचांत तो धरलाय की नाही? धरला नसेल तर मृत सहा आहेत आणि आपण एकाला मोजलंच नाही. कुणाच्या पापाचा हिशेब आपल्याकडे नसतो. पाच जण ठार झाले, असं लिहिलं की पुरे; कोण होते, कुठे निघाले होते हे सांगितलंस की हळहळ आपोआप येते. ‘निरपराध’ त्यातल्या त्यात बरा, पण खटल्यात नको. अपराध सिद्ध झाला नाही एवढंच कोर्टाने म्हटलंय. वर अपील होऊ शकतं.

आता दुसरी बातमी, सोळा वर्षांच्या मुलाची. इथे कायदा बराच स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा होत नाही. सात ते बारा या वयात आपण काय करतोय आणि त्याचं काय होईल, हे समजण्याइतकी जाण त्याला होती का, ते कलम २१ पाहायला लावतं. १८६० च्या दंड संहितेत हीच कलमं ८२ आणि ८३ होती. म्हणजे ‘अजाण’ या शब्दाला इथे खरोखर कायद्याचं वजन आहे. तुझ्या बातमीतल्या सोळा वर्षांच्या मुलाला ही दोन कलमं लागत नाहीत, पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाचा हेतू गुन्हेगारी नव्हता असंच धरून चालावं, हे तत्त्व म्हणून लिहिलं आहे. म्हणून त्याला ‘अट्टल चोरटा’ म्हणू नकोस, आणि ‘निरागस’ म्हणून वर उचलूही नकोस. पोलिसांच्या कागदात तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असेल. जिभेला जड आहे, ‘अल्पवयीन मुलगा’ लिही.

तू त्याचं नाव दिलेलं नाहीस, ते बरं केलंस. पण गावाचं नाव, शाळा आणि ‘वडिलांचं बसस्टँडसमोर सलूनचं दुकान’ एवढं दिल्यावर नाव लपलं कुठे? याच कायद्याचं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा किंवा मुलाची ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला मनाई करतं. ही बातमी ग्रामीण पानावर लागली आहे असं दिसतं. पान सुटायच्या आत रात्रपाळीला फोन कर, आणि ती वेबसाइटवर चढली असेल तर तिथूनही तेवढ्या ओळी काढायला सांग.

तुझा,
काका