बार मित्झवाचा खर्च आणि भलत्याच जिवाचा विमा

ठाण्याच्या एका बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू समाजातल्या) वाचकांनी विचारले आहे की, पुढच्या वर्षी 13 वर्षांच्या होणाऱ्या मुलाच्या बार मित्झवासाठी, म्हणजे ज्यू मुलगा धर्माने जबाबदार होतो त्या समारंभासाठी, 6 लाखांचे वैयक्तिक कर्ज काढावे, की मुलीच्या नावाची पॉलिसी मोडावी. समारंभ आणि जेवणाला 2 लाख, चौघांच्या जेरुसलेमच्या प्रवासाला 4 लाख असा त्यांचा अंदाज आहे. इस्रायलमधल्या अश्दोद शहरातल्या चुलत भावाचा विधी जेरुसलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी झाला आणि त्याचे फोटो पाहिल्यापासून मुलगा हट्टाला पेटला आहे. वाचक 44 वर्षांचे असून हातात येणारा पगार 90 हजार, घरकर्जाचा हप्ता 28 हजार आणि घरखर्च 45 हजार आहे. मुलगी 16 वर्षांची आहे आणि तिला बारावीनंतर इस्रायलला जायचे आहे. पाच-सहा वर्षांत आपणही तिकडेच जाऊ, असे ते लिहितात.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. कर्ज काढू नका आणि मुलीच्या पैशाला या कामासाठी हात लावू नका. 14 टक्के दराने 6 लाखांचा पाच वर्षांचा हप्ता महिना 14 हजारांच्या आसपास येतो, आणि तुमच्याकडे सर्व देणी भागवून महिन्याला साडेनऊ हजार उरतात. तेराव्या वर्षी धर्माची जबाबदारी मुलावर वयानेच येते. त्याला सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) सेफर तोरासमोर, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर, बोलावले जाते तो विधी मुख्य आणि मेजवानी ही हौस. अकरा महिन्यांत साचणाऱ्या लाखभर रुपयांत ठाण्यातच विधी, घरी एलियाहू हानबीचा (प्रेषित एलियाच्या नावाचा) मलिदा आणि आप्तांना मासे व नारळाच्या दुधातल्या पदार्थांचे जेवण, एवढे उत्तम होईल. कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारच्या) मटणाची जुळवाजुळवही त्यामुळे टळेल. ज्या वयात मुलाने स्वतःच्या कृत्यांची जबाबदारी घ्यायची, त्या वयात त्याला घरचा जमाखर्च दाखवायला काहीच हरकत नाही; अश्दोदचे फोटो त्याने पाहिले आहेत, तशी ही आकडेवारीही पाहू द्या.

मला अस्वस्थ केले ते तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या कागदांनी. मुलीच्या नावाने 2015 पासून वर्षाला 48 हजार आणि मुलाच्या नावाने 2018 पासून 42 हजार, असे एकूण 90 हजार रुपये तुम्ही भरत आहात. दोन्ही पॉलिसींवर विमा मुलांच्या जिवाचा आहे, आणि तुमच्या मृत्यूनंतर हप्ते माफ होण्याची तरतूद एकीतही नाही. कमावणारे तुम्ही एकटे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर या पॉलिसी तुमच्या कुटुंबाला एक रुपयाही देणार नाहीत, उलट 90 हजारांची मागणी तुमच्या पत्नीकडे जाईल. तुमच्या जिवावर फक्त कंपनीचा 10 लाखांचा गटविमा आहे. त्यातून 22 लाखांचे घरकर्जसुद्धा फिटत नाही, आणि नोकरी सुटली की तोही जातो.

एजंटने “मुलगी 18 वर्षांची झाली की पैसे मिळतील” असे सांगितल्याचे तुम्ही लिहिता. कागदावर मुदत 20 वर्षांची आहे, म्हणजे पैसे 2035 मध्ये, ती 26 वर्षांची झाल्यावर मिळतील. तेव्हाही 9.6 लाख भरून अंदाजे 17 लाख हाती येतील, म्हणजे परतावा जेमतेम पाच टक्क्यांचा. मुलगी सहा वर्षांची असताना, त्याच 2015 मध्ये, सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली होती आणि तिच्यातून उच्च शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते. कमिशन नसलेल्या खात्याची आठवण मात्र एजंटला झाली नाही. आणि जे कुटुंब पाच-सहा वर्षांत देश सोडणार आहे, त्याच्या गळ्यात 2037 पर्यंत हप्त्यांची पॉलिसी बांधणाऱ्याने तुमचे बोलणे ऐकले होते, की फक्त सही घेतली होती?

इस्रायलला जाण्याच्या इच्छेबद्दल मला काही म्हणायचे नाही. इस्रायलचा परतीचा कायदा 1950 पासून ज्यूंना तो हक्क देतो, आणि कोकणातून गेलेली तुमच्या समाजाची कुटुंबे तिथे स्थिरावली आहेत. पण “तिकडे सरकार बघेल” म्हणून नोकरी बदलताना तुम्ही भविष्यनिर्वाह निधी काढून खर्च केलात, हे मात्र आर्थिक नियोजन नव्हे. नव्याने आलेल्यांना मिळणारी मदत सुरुवातीच्या काळात पाय रोवण्यासाठी असते. पन्नाशीत, हिब्रू शिकत शिकत नव्याने नोकरी शोधणाऱ्या माणसाचे म्हातारपण त्या मदतीवर निभत नाही. तुमचे जाणे लांबले किंवा राहून गेले, तर हाताशी काय असेल, याचा हिशेब पत्रात कुठेच नाही.

आधी तुमच्या जिवावर 1 कोटीचा शुद्ध मुदत विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या. 22 लाखांचे कर्ज फेडून उरलेल्या 78 लाखांवर सात टक्क्यांनी महिन्याला 45 हजार मिळतात, म्हणजे आजचा घरखर्च भागतो. महागाईसाठी पुढे रक्कम वाढवता येईल. हप्ता वर्षाला 30 हजारांच्या आसपास धरा. पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे घेतली, तर धनकोंना तिला हात लावता येत नाही. ती मंजूर होऊन हाती आली की मुलाची पॉलिसी हप्ते थांबवून पेड-अप करा (ती कमी रकमेवर चालू राहते) आणि मुलीची परत करा. ती परत केल्यावर मिळणारे, विमा कंपनीने कळवलेले 4.4 लाख मुदत ठेवीत ठेवा. ते तिच्या इस्रायलमधल्या पहिल्या वर्षासाठी आहेत. भरलेल्या 5.3 लाखांपैकी 90 हजार बुडतात, पण आणखी नऊ वर्षे भरत राहिल्याने ते परत येणार नाहीत. विम्याचा हप्ता वजा जाता वर्षाला 60 हजार मोकळे होतात. ते पीपीएफमध्ये, तुमच्या म्हातारपणासाठी.

एक काम बिनखर्चाचे आहे. घर तुमच्या एकट्याच्या नावावर आहे आणि मृत्युपत्र नाही. ज्यू कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार मृत्युपत्राविना पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश हिस्सा जातो. मुलगा अल्पवयीन असताना त्याचा हिस्सा विकायचा झाल्यास तुमच्या पत्नीला न्यायालयाची परवानगी मागावी लागेल. दोन साक्षीदारांसमोर सही केलेले एक पानी मृत्युपत्र हा त्रास वाचवते.

तुम्ही दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेता, हे पत्राच्या शेवटी ओझरते आले आहे. विम्याच्या अर्जात ते पहिल्यांदा लिहा, “लिहू नका, हप्ता वाढेल” असे कोणी सांगितले तरीही. आणि नवी पॉलिसी हातात येण्यापूर्वी जुन्या एकीलाही हात लावू नका.