स्टॅटचा पेपर आला की पोटात गोळा येतो, जेनेटिक्स सोडून देऊ का?

बारावीला गणित सोडलं होतं, आता एमएस्सीला जेनेटिक्समध्ये स्टॅटिस्टिक्स आलंय, झेपेल का, हा प्रश्न या वर्षी मला चार-पाच जणांनी तरी विचारलाय. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते, त्याला विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगा मराठवाड्यातला, घरी कोरडवाहू शेती, ॲग्रीचं बीएस्सी चांगल्या मार्कांनी करून प्लांट ब्रीडिंगला, म्हणजे जेनेटिक्स वापरून पिकांचे नवे वाण काढायच्या विषयाला, ॲडमिशन घेतलेली. माझ्याकडे आला तेव्हा दीड महिना स्टॅटच्या लेक्चरला गेलाच नव्हता. "मॅडम, बोर्डवर सिग्मा दिसला की छातीत धडधडतं, मग मी होस्टेलवर निघून येतो आणि बरं वाटतं." इथेच तर मेख आहे! बरं वाटतं म्हणूनच पुढच्या वेळी पाय आणखी लवकर मागे फिरतात, आणि तोवर बुडालेल्या लेक्चरांचा ढीग वाढलेला असतो, म्हणजे आता भीतीला खरं कारणही मिळतं.

मी आधी टाइमटेबल करून दिलं. चार दिवसांत बारगळलं. चूक माझीच, बुडणाऱ्याच्या हातात पोहण्याचं वेळापत्रक दिलं मी.

पुढच्या वेळी त्याला सहज विचारलं, तुमच्या रानात तूर सगळीकडे सारखीच येते का रे? तर गडी खुलला. विहिरीकडची पट्टी काळी, तिथं तूर छातीला लागते, माळाकडची मुरमाड, तिथं गुडघ्याच्या वर जाईना, म्हणून वडील नवीन बियाणं आणलं की थोडं इकडे थोडं तिकडे टाकून बघतात, नुसतं विहिरीकडं टाकलं तर बियाणं चांगलं की जमीन चांगली हे कळणार कसं? मी म्हटलं, हे तुझ्या नोट्समध्ये कुठं आहे का बघ. वही उघडून बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "हे तर आरबीडी आहे." आरबीडी म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, शेतातल्या प्रयोगाची एक मांडणी: शेताचे सारख्या जमिनीचे ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे वाण लावायचे, कुठला कुठं ते चिठ्ठ्या टाकून. वडील ते चिठ्ठ्यांवाचून करत होते इतकंच.

मग हेरिटॅबिलिटी, म्हणजे झाडाझाडांतल्या फरकातला किती वाटा जीन्सचा, हे त्यानंच मला समजावलं (मी सायकॉलॉजीवाली, मला ॲनोव्हापुढं, म्हणजे गटागटांतला फरक तपासायच्या स्टॅटमधल्या पद्धतीपुढं, फारसं येत नाही). उंचीतला एकूण फरक समजा 50, त्यातला वाणांमुळे आलेला 30, तर 30 भागिले 50, म्हणजे 0.6. मी लगेच म्हटलं, म्हणजे झाडाची 60 टक्के उंची जीन्समुळे? तर हसला, नाही मॅडम, एका झाडाचं नाही, झाडाझाडांमधल्या फरकाचं हे गणित आहे, आणि दुसऱ्या रानात हाच आकडा बदलेल. हे परीक्षेत भल्याभल्यांचं चुकतं म्हणे.

त्याला मी एक गोष्ट वाचायला सांगितली. व्हेरिअन्स (आकडे एकमेकांपासून किती पांगलेत त्याचं माप) हा शब्द फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं 1918 साली आणला तो नातेवाइकांमधलं साम्य मोजण्याच्या पेपरात, आणि पुढच्याच वर्षी तो इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात नोकरीला लागला. म्हणजे हे गणित शेतात वाढलेलंच आहे. आणि ॲग्रीची पोरं ज्या पानसे-सुखात्मेंच्या 1954 सालच्या स्टॅटच्या पुस्तकाला घाबरतात त्यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

पण गोष्टी सांगून पेपर सुटत नाही हो. रोज 25 मिनिटं, एकच गणित, कागदावर, आकडे तुरीचेच, कॉम्प्युटर बंद. लेक्चरला दाराजवळ बसायचं, धडधडलं तरी दहा मिनिटं उठायचं नाही, पुढच्या आठवड्यात वीस. आणि सरांना जाऊन सांगायचं की मी दीड महिना आलो नाही. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं, तीनदा केबिनच्या बाहेरून परत आला. सर ओरडले, मग सिनिअरच्या नोट्स दिल्या.

मिडटर्म गेलीच त्याची. फायनलला काठावर निघाला, आणि अजूनही त्याला स्टॅट आवडतं असं अजिबात नाही. परवा रात्री अकराला मेसेज आला, "मॅडम, आरमध्ये लाल अक्षरात एरर आलाय." (आर म्हणजे स्टॅटचं सॉफ्टवेअर.) मी लिहिलं, सरांना पाठव बाबा, मला नको. तर म्हणाला, त्यांना पाठवलाय आधीच.